पाटीवर ‘देवगड’, पेटीत कानडी पेपर

पेटीचं झाकण उचकटलं, पेंढा बाजूला केला, वरच्या थरातले आंबे काढून ताटात ठेवले आणि तळाशी हात घातला तर पेपरची घडी लागली. उघडून बघतो तर कानडी. मला कानडी वाचता येत नाही, पण पोस्टात ३४ वर्षं काढलेल्या माणसाला लिपी ओळखायला वाचता यावं लागत नाही. बायको म्हणाली, “अहो, तुमचं देवगड कर्नाटकात कधी गेलं?”

मी जामसंड्याचा, म्हणजे देवगडचाच म्हणा. आमची चार कलमं चुलतभाऊ बघतो. त्या वर्षी मोहर गळाला, घरचा आंबा आला नाही, म्हणून ठाण्यात विकत घ्यायची वेळ आली. दुकानाचं नाव सांगत नाही. नावात ‘देवगड’ होतं एवढं पुरे. दोन डझनांचे १,८०० रुपये मोजले आणि भावही केला नाही, कारण पाटी वाचूनच मी मनाने गावच्या पडवीत जाऊन बसलो होतो. आंबा कापला तर साल जाड, गर पिवळट, आणि पेटी उघडी असून घरात वास नाही. देवगडचा माणूस फसला आणि तोही आंब्यात, हे भावकीत सांगायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी तो पेपर नाचवत दुकानात गेलो. पोरगा शांतपणे म्हणाला, “काका, रद्दी आहे ती. वाशीच्या बाजारात जी मिळेल ती घालतात.” मी म्हटलं, “मग पाटीवर देवगड कशाला?” तर म्हणतो, “ते दुकानाचं नाव आहे काका, आंब्याचं नाही. माझे आजोबा देवगडचे.” आणि मग, “बिल आहे का?” बिल मी घेतलंच नव्हतं. घरी आलो.

रागावर झोप येईना, म्हणून कायदा वाचायला घेतला. त्यातून जे कळलं आणि पुढच्या हंगामात जे करून पाहिलं, ते इथे लिहितो. तुमचा प्रश्न आंब्याचा नसेल, तेलाचा असेल, क्लासचा असेल, पतसंस्थेचा असेल. वाट तीच आहे.

नाव म्हणजे जाहिरात का?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यात जाहिरातीची व्याख्या पहिल्याच पानांत आहे आणि ती वाचताना मला हसू आलं. प्रकाश, आवाज, धूर, वायू, छपाई, इलेक्ट्रॉनिक माध्यमं, इंटरनेट यांतून केलेली प्रसिद्धी किंवा कथन म्हणजे जाहिरात. धुरातून जाहिरात कोण करतं? चांगल्या वडेवाल्याला विचारा. पण आपल्या कामाचा भाग पुढे आहे: त्यात लेबल, वेष्टन आणि बिलसुद्धा येतं. म्हणजे दुकानाचं नाव खोक्यावर छापलं, पिशवीवर छापलं, बिलाच्या डोक्यावर छापलं की ते जाहिरातीच्या व्याख्येत जाऊन बसलं. दिव्यांची पाटी तर बसतेच.

जाहिरात असणं गुन्हा नाही. ती दिशाभूल करणारी असावी लागते. मालाचं खोटं वर्णन करणारी, किंवा मालाचं स्वरूप, घटक, प्रमाण, दर्जा याबद्दल गिऱ्हाइकाचा गैरसमज होईल अशी, किंवा महत्त्वाची गोष्ट मुद्दाम दडवणारी. शब्दांत सांगितलं नाही, नुसतं सुचवलं, तरी कायदा ते धरतो. नावाला वेगळी सूट दिलेली नाही. उलट ‘नुसतं नाव खोटं आहे’ एवढ्यावर कारवाई होते असंही नाही. नाव जेव्हा मालाबद्दल काहीतरी सांगू लागतं आणि ते सांगणं खोटं ठरतं, तेव्हाच ते या कलमात सापडतं.

हे ओळखायला मी एक घरगुती युक्ती वापरतो. पाटीवरचं नाव मनातल्या मनात खोडायचं आणि तिथे ‘गणेश’ लिहायचं. गणेश फ्रूट सेंटर. आता त्याच पेटीला मी १,८०० दिले असते? नसते दिले. दोन गल्ल्या सोडून तसाच आंबा, ‘कर्नाटक’ असं उघड सांगून, बऱ्याच कमी भावात होता. वरचे पैसे मी आंब्याचे नाही, नावाचे दिले. नाव खोडल्यावर भाव पडत असेल किंवा आपण घेतलीच नसती असं वाटत असेल, तर ते नाव नुसतं नाव राहिलेलं नाही.

ही युक्ती कोल्हापुरी मिसळीला लावून बघा. ठाण्यातल्या मिसळीची मटकी कोल्हापुरातून यावी अशी कुणाची अपेक्षा नसते. तिथे कोल्हापूर म्हणजे तर्रीचा रंग आणि कपाळावरचा घाम. ‘अय्यंगार बेकरी’त मालक अय्यंगार आहे का हे खारी घेताना कुणी विचारत नाही. चपलेचं मात्र वेगळं. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव, आणि त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरही आहेत. बेळगावात शिवलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली तर उगाच भांडायला जाऊ नका, तोंडावर पडाल. आग्र्याची रेक्झिनची विकली तर जा.

हापूसलाही ऑक्टोबर २०१८ मध्ये मानांकन मिळालं: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर. कर्नाटकात हापूसचीच कलमं लावलेली आहेत हे मी नाकारत नाही, काही आंबे खायलाही बरे असतात. पण ते कोकणातले नाहीत, देवगडचे तर नाहीतच. दुकानदार देवगडचा असेल, त्याचे आजोबा असतील, त्यांना माझा नमस्कार. पण आंब्याच्या दुकानावर ‘देवगड’ लिहिलं की गिऱ्हाईक ते आंब्याबद्दल वाचतं, आजोबांबद्दल नाही. हेच ‘देवगड हेअर कटिंग सलून’ असतं तर माझी काही तक्रार नव्हती.

‘जगात भारी’, ‘नंबर वन भेळ’ असल्या बढाया सोडून द्या. त्या कुणी खऱ्या मानत नाही आणि कोर्टंही फारशी मनावर घेत नाहीत. ‘आमची कुठेही शाखा नाही’ हे मात्र तपासता येण्याजोगं विधान आहे. शाखा निघाली तर ते सरळ खोटं झालं.

पाटीवर ‘बँक’ असेल तर

काही शब्द असे आहेत की ते वापरायलाच परवानगी लागते. तिथे आपल्याला दिशाभूल सिद्ध करत बसावं लागत नाही. ‘बँक’ हा त्यातला मोठा. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ७ प्रमाणे परवाना नसलेल्या सहकारी संस्थेला नावात हा शब्द लावता येत नाही. काही संस्था तो लावतात म्हणून रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये लोकांना जाहीर सावध केलं होतं. पतसंस्थेच्या काउंटरवर काचेची खिडकी, टोकन, पासबुक सगळं बँकेसारखं असतं, आणि आमच्यासारखी पेन्शनर मंडळी दीड टक्का जास्त व्याजाला भुलतात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. ठेव ठेवण्याआधी एकच विचारा: “ठेव विमा महामंडळाच्या यादीत तुमचं नाव दाखवा.” दाखवता आलं नाही तर पासबुक कितीही गुळगुळीत असो, घरी या.

‘विद्यापीठ’ हाही तसाच शब्द. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी काढतो. पोराच्या प्रवेशाआधी ती पाच मिनिटं बघायला काय जातं?

तीन अक्षरांची गोष्ट

नाव किती काम करतं याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. ओआरएस. जुलाब झाले की डॉक्टर सांगतात ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट. हे प्रमाण मोजूनमापून ठरवलेलं आहे, साखर जास्त झाली तर जुलाब वाढू शकतात. आणि बाजारात होती फळांच्या चवीची गोड पेयं, ज्यांच्या ब्रँडच्या नावात ही तीन अक्षरं मागेपुढे काहीतरी जोडून बसवलेली. मेडिकलच्या शेल्फवर, खोकल्याच्या औषधाशेजारी. घाबरलेली आई ती तीन अक्षरं वाचते आणि खोका उचलते. तिला दोष कसा देणार?

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आधी २०२२ मध्ये आणि मग २०२४ मध्ये अशा नावांना मुभा दिली होती. अट एवढीच की ‘हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेलं ओआरएस नाही’ असं वेष्टनावर छापायचं. म्हणजे समोर मोठ्या अक्षरांत हो आणि खाली बारीक अक्षरांत नाही. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष कित्येक वर्षं याच्याविरुद्ध लढत होत्या. शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी प्राधिकरणाने ती मुभा काढून घेतली. ब्रँडच्या नावातही ही अक्षरं चालणार नाहीत, पुढे काही जोडा नाहीतर मागे. ‘ते आमचं नाव आहे हो’ हा आमच्या आंबेवाल्याचाच बचाव, फक्त सुटाबुटातला. तो टिकला नाही.

बारीक अक्षरांवरून आठवलं. माझी भाची कुडाळला कोकमाचं आगळ आणि सरबत करते. तिला नाव हवं होतं ‘अस्सल’ काहीतरी. मी तिला २०१८ चे खाद्यपदार्थांच्या जाहिरातींचे नियम वाचून दाखवले. नैसर्गिक, ताजं, शुद्ध, अस्सल, पारंपरिक अशा अर्थाचे शब्द ब्रँडच्या नावात असतील आणि त्यातून पदार्थाच्या स्वरूपाबद्दल गैरसमज होण्यासारखा असेल, तर लेबलवर किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत छापावं लागतं की हे फक्त ब्रँडचं नाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप त्यातून कळत नाही. भाची फुटपट्टी घेऊन बसली. ३ मिलिमीटर म्हणजे साधारण तांदळाच्या दाण्याच्या अर्ध्याएवढं. मग म्हणाली, “मामा, म्हणजे आधी अस्सल लिहायचं आणि खाली लिहायचं की अस्सल वाचून काही समजू नका?” तिने आजीचं नाव दिलं. तुम्ही धंदा काढत असाल तर हाच मार्ग सोपा. आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल तर नावातलं ‘शुद्ध’ बघून थांबू नका, बाटली फिरवा, चष्मा लावा.

केंद्रीय ग्राहक प्राधिकरणाने २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत हेही आहे की खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, आणि खुलासा करून दाव्याच्या उलट बोलता येत नाही. मराठीत मोठं ‘देवगड’ आणि खाली इंग्रजीत मुंगीएवढं ‘विविध ठिकाणचे आंबे’, हे चालत नाही.

“आमचं नाव रजिस्टर आहे”

हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाणारच, तेव्हा आधीच तयार राहा. २०१७ च्या दुकाने कायद्याप्रमाणे ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असले तर मालकाने नुसती सूचना द्यायची असते. पाटीवरचं खरं की खोटं हे त्यात कुणी तपासत नाही. लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंद तर स्वतःच भरायची. ट्रेडमार्कच्या कायद्यात लोकांची फसवणूक होईल असं चिन्ह नोंदवू नये असं आहेच, पण झालीच नोंद तरी ती ‘माल खरा आहे’ याचं प्रमाणपत्र नव्हे. भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या कागदाला बिचकू नका.

भांडायच्या आधी

पुढच्या एप्रिलात मी त्याच दुकानात गेलो. या वेळी आधी रस्त्याच्या पलीकडून पाटीचा फोटो काढला, आजूबाजूची दुकानं दिसतील असा. मग व्हॉट्सॲपवर, त्याच्या पाटीवरच्या नंबरला, विचारलं: “देवगड हापूस दोन डझन काय भाव?” उत्तर आलं: “२००० काका, एक नंबर माल.” ‘देवगड’ हा शब्द मी विचारला, त्याने नाकारला नाही, भाव सांगितला. हा एक संदेश गेल्या वर्षीच्या सगळ्या आरडाओरडीपेक्षा मोलाचा होता. तोंडी विचारलेलं हवेत जातं.

पैसे यूपीआयने दिले आणि बिल मागितलं. तो म्हणाला, “बिलाचं पुस्तक संपलंय.” मी म्हटलं, “मग साध्या कागदावर लिहून शिक्का मार.” बिल नाकारणं हीसुद्धा कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मी हसत हसत सांगितलं. पुस्तक सापडलं. बिलावर नुसतं ‘आंबा’ लिहायला लागला तेव्हा ‘देवगड हापूस’ लिहून घेतलं. इथे भिडस्तपणा करू नका. एका शब्दाने सगळं फिरतं.

पेटी घरी उघडताना मुलाला व्हिडिओ काढायला लावला, झाकण बंद असल्यापासून. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ पासून आंब्यावर क्रमांकाचा स्टिकर सुरू केला आहे, तो काढला की फाटतो आणि त्यावरचा क्रमांक पडताळून बघता येतो. आमच्या २४ आंब्यांत एकावरही नव्हता. कानडी पेपर याही वेळी होता, पण त्याचा मी फक्त फोटो ठेवला. रद्दी हा पुरावा नाही, पोराचं ते म्हणणं खरंच होतं.

मग दुकानदाराला पत्र. एक पान, राग न करता: अमुक तारखेला, अमुक बिल, अमुक सांगून अमुक दिलं, १५ दिवसांत पैसे परत करा आणि नावाखाली मालाचं मूळ ठिकाण लिहा. आमच्या वेळी असलं पत्र रजिस्टरने जायचं. २०२५ पासून रजिस्टर स्पीड पोस्टात विलीन झालं, मला आतून थोडं लागलं ते. स्पीड पोस्टने पाठवा, पोचल्याचा पुरावा घ्या.

उत्तर आलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, व्हॉट्सॲप ८८००००१९१५. मराठीत बोलता येतं. ते हुकूम देत नाहीत, समोरच्याशी संपर्क साधून तडजोड बघतात, पण तक्रारीला क्रमांक पडतो आणि तो पुढे कामाला येतो. मालच खाण्याजोगा नसेल किंवा लेबल खोटं असेल तर अन्न व औषध प्रशासन, १८०० २२२ ३६५.

त्यापुढे दोन वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. तुमचे पैसे हवेत तर जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि दुकान कुठेही असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षं. निकाल तीन महिन्यांत लावायचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलंय. कायद्यात. दुसरी वाट पैशांची नाही, पाटीची: अनेक ग्राहकांची दिशाभूल होत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. प्राधिकरण जाहिरात थांबवायला किंवा बदलायला लावू शकतं आणि १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. दोन डझन आंब्यांसाठी कुणी १० लाख लावणार नाही हे मलाही कळतं. पण ज्याच्या वीस शाखा आहेत त्याच्यासाठी ही वाट लक्षात ठेवा.

माझं प्रकरण आयोगापर्यंत गेलंच नाही. हेल्पलाइनचा निरोप गेल्यावर चौथ्या दिवशी त्या पोराचा फोन. “काका, या ना, चहा घ्या.” गेलो. २,००० रुपये मोजून हातात दिले. मी म्हटलं, “पाटीचं काय?” तो म्हणाला, “काका, आजोबांची पाटी आहे. ती नाही काढणार.” मीही फार ताणलं नाही. पाटी आजोबांची असेल, पेट्या तर याच्या आहेत.

या वर्षी चुलतभावाकडून घरचा आंबा आला, तरी मी मुद्दाम त्या दुकानावरून चक्कर टाकली. पाटी तीच. खाली पेट्यांचे दोन ढीग, आणि डावीकडच्या ढिगावर सेलोटेपने चिकटवलेला पुठ्ठा: ‘कर्नाटक’. अक्षर वाकडं होतं, पण ३ मिलिमीटरपेक्षा बरंच मोठं. मला बघून पोरगा गल्ल्यावरून ओरडला, “काका, बिल फाडू?”